सहासष्ट मिलिमीटर

१

मायक्रोस्कोपच्या दोन नळ्यांमधल्या तबकडीवरची रेघ सहासष्टवर होती. पासष्टवर नाही, सदुसष्टवर नाही. मी खुर्चीत बसून डोळे लावले तेव्हा एका गोलाऐवजी दोन दिसले, एकमेकांपासून सुटलेले. नळ्या जरा जवळ सरकवल्या असत्या तर ते जुळले असते, पण दुसऱ्याच्या उपकरणाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे एकोणीस वर्षांच्या नोकरीत शिकले आहे. वहीत लिहिलं : मोठ्या बाईंचा मायक्रोस्कोप, दुपारी चार, सहासष्ट मि.मी.

त्याचा उपयोग काय, ते तेव्हा माहीत नव्हतं. दिसेल ते लिहायची मला सवय आहे. दरवेळी उपयोग होतोच असं नाही.

मी आले होते एका स्लाइडसाठी. पाच महिन्यांपूर्वी एका मंगळवारी, शाळेच्या बसवर मुलांची चढउतार बघणाऱ्या एका बाईच्या पेशींची स्लाइड या प्रयोगशाळेत वाचली गेली. अहवालात लिहिलं होतं, 'संशयास्पद काही नाही.' खाली मोठ्या बाईंची सही. गेल्या महिन्यात त्या बसवाल्या बाईंना दुसरीकडे कर्करोग निघाला. तिथल्या डॉक्टरांनी जुनी स्लाइड मागवून पाहिली, तर खराब पेशी तेव्हाही होत्या. शिकाऊ माणसालाही दिसाव्यात इतक्या.

प्रयोगशाळा ज्या संस्थेची, तिने मला दोन दिवसांसाठी पाठवलं. उद्या पाच वाजेपर्यंत कळवायचं होतं, चूक कुणाची. मी निघतानाच कार्यालयातल्या बाईंनी एक पत्र दाखवलं. स्लाइड रंगवणाऱ्या तंत्रज्ञ मुलीला कामावरून काढल्याचं पत्र, तिचा परवाना रद्द करण्याच्या शिफारशीसह. नाव टाइप केलेलं होतं. तारीख तेवढी रिकामी होती.

"तुमचं काम सोपं केलंय," त्या म्हणाल्या.

काम सोपं करून दिलेलं असलं की मला जास्त थकवा येतो.

२

प्रयोगशाळेत माणसं चार. मोठ्या बाई, वय चौसष्ट, तीस वर्षं इथल्या अहवालांवर त्यांची सही. त्यांचे भाचे, धाकटे डॉक्टर, जे त्यांच्याच हाताखाली शिकले. स्लाइड रंगवणारी तंत्रज्ञ, जिला सगळे रंगवाली म्हणतात. आणि काका, बाई आल्या त्या वर्षापासूनचे शिपाई. स्लाइडी लावणं, काढणं, पुसणं, कुलूप, किल्ली, चहा, सगळं त्यांच्याकडे.

धाकटे डॉक्टर घाईत होते. रंगवताना दोन स्लाइडींची लेबलं बदलली असणार, असं त्यांनी मी विचारण्याआधीच सांगितलं. मावशींच्या नजरेतून असली गोष्ट सुटणं शक्य नाही.

"म्हणजे मॅडमच्या," त्यांनी सुधारलं.

मग म्हणाले, इथे वशिल्याने लागलेला भाचा म्हणून लोक आधीच बोलतात, त्यामुळे मावशींच्या कामात ते नाक खुपसत नाहीत. त्यांची खोली वेगळी, मायक्रोस्कोप वेगळा, स्लाइडी वेगळ्या. मावशींच्या खोलीत ते फारसे जात नाहीत. फारसे म्हणजे किती, असं विचारल्यावर त्यांनी पेनाचं टोपण तीनदा काढलं आणि लावलं.

रंगवालीच्या नखांच्या कडा निळ्या होत्या. ती हात मांडीखाली घेऊन बसली. धाकट्या भावाचं शिक्षण तिच्या पगारावर चालतं, हे तिने नाही, काकांनी मला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "लेबलं मी बदलली नाहीत."

मग कसं झालं असेल, असं मी विचारलं. तिने बंद दाराकडे पाहिलं. दारापलीकडे मोठ्या बाईंची खोली होती.

"ते मला विचारू नका. मी बाईंकडे शिकले."

निर्दोष माणूस सहसा दुसऱ्याकडे बोट दाखवतो. हिने बोट मुठीत धरून ठेवलं होतं.

परत आलेली ती स्लाइड मी प्रकाशात धरली. एका टोकाला काच खरखरीत असते, तिथे रुग्णाचं नाव पेन्सिलने लिहितात. हे नाव दवाखान्यातल्या नर्सने, नमुना घेतानाच लिहिलं होतं. अक्षर तिच्या बाकीच्या कागदांशी जुळत होतं. पेन्सिल रंगात धुतली जात नाही. म्हणजे रंगवालीच्या हातात स्लाइड आली तेव्हा नाव आधीच पक्कं होतं. चिकटवलेलं लेबलही त्याच नावाचं. अदलाबदलीला जागाच नव्हती.

तासाभरात ती मुलगी माझ्यापुरती सुटली. पण 'हिने केलं नाही' एवढ्याने ते पत्र फाटणार नव्हतं. कुणी केलं, ते सांगावं लागणार होतं.

ट्रेमधल्या इतर स्लाइडी चाळताना एक गोष्ट दिसली. जिथे पेशी संशयास्पद, तिथे काचेवर जांभळ्या शाईचा बारीक ठिपका. वाचणारा नजरेत भरलेली जागा तशी खूण करून ठेवतो. आमच्या स्लाइडवर ठिपका नव्हता. पुसल्याचा डागही नव्हता.

३

मोठ्या बाईंनी मला समोर बसवलं आणि माझ्या डाव्या कानाकडे बघून बोलायला सुरुवात केली. मला तो तुटकपणा वाटला. तपासायला आलेल्या माणसाच्या डोळ्यांत न बघण्याचे पुष्कळ प्रकार मी पाहिले आहेत.

स्लाइड त्यांनीच वाचली का? हो. खात्रीने? सही माझी आहे ना, मग वाचली मीच. लेबलं बदलली असतील का?

"माझा भाचा तसं म्हणतो," त्या म्हणाल्या.

"तुम्ही काय म्हणता?"

"मी अजून काही म्हटलेलं नाही."

त्यांचा चष्मा नवा होता. तपकिरी, साधी फ्रेम, काचा जाड. बोलता बोलता त्यांनी दाराकडे हात केला. "ही चौकट मधूनच वाकायला लागलीये. सुताराला बोलवा म्हणून काकांना दहादा सांगितलं. ते नुसतं हो म्हणतात."

मी बाहेर पडताना चौकटीला वही टेकवली. वहीची कड आणि लाकूड यांत कागदाचीही फट नव्हती. चौकट सरळ होती.

नोंदवहीत आजच्या नऊ स्लाइडींपुढे बाईंची सही होती. खोलीत दुसरं कुणी जातं का, असं मी दारात उभ्या काकांना विचारलं. बाईंच्या मायक्रोस्कोपला कुणी हात लावत नाही, ते म्हणाले. लगेच म्हणाले. जणू उत्तर दारातच ठेवलेलं होतं.

४

चहा देताना काकांनी मला कपाळ दाबताना पाहिलं.

"चष्मा ऑनलाइन मागवलाय ना तुम्ही?"

मी हो म्हटलं. नंबर मोठा आहे माझा. दुकानात जाऊन बसायला वेळ नव्हता, आणि ऑनलाइन पाव किमतीत मिळत होता. तेव्हापासून संध्याकाळी डोकं दुखतं.

"बाहुल्यांमधलं अंतर किती टाकलंत?"

अर्जात तशी एक चौकट होती खरी. दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. तिथे आधीच त्रेसष्ट लिहिलेलं होतं, ते मी तसंच राहू दिलं.

काका दुःखाने हसले. "तिथेच तर सगळे फसतात. नंबर बरोबर, फ्रेम झकास, आणि काचेचा मध्य डोळ्यासमोर नाहीच. म्हणजे सून चांगली, मुलगा चांगला, आणि दोघं राहतात दोन गावांत."

त्यांनी प्लास्टिकची पट्टी माझ्या नाकावर टेकवली, मला आधी त्यांच्या एका डोळ्यात बघायला सांगितलं, मग दुसऱ्या. हात अजिबात हलत नव्हता. "एकोणसाठ. चार मिलिमीटरने चुकलाय, ताई. डोकं दुखणार नाही तर काय."

एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांची मोजमापं तपासते आहे.

गेल्या वर्षी सगळ्यांसाठी चष्मे त्यांनीच मागवले होते. एकदम चार घेतले की स्वस्त पडत होते, म्हणून सगळ्यांना ओळीने उभं करून पट्टी लावली. यादी अजून कपाटाच्या दारामागे चिकटवलेली होती. त्यांनी खिशातलं पेन काढून तिच्यात माझंही नाव घातलं, 'पाहुण्या ताई, ५९'. मी यादी वाचली. मोठ्या बाई अठ्ठावन्न. धाकटे डॉक्टर त्रेसष्ट. रंगवाली साठ.

काका सहासष्ट.

माझ्या नावाची शाई जांभळी होती.

५

मोठ्या माणसाच्या बाहुल्यांमधलं अंतर बदलत नाही. वजन बदलतं, नंबर बदलतो, हे अंतर तसंच राहतं. मायक्रोस्कोपच्या नळ्या त्या अंतरावर आणल्याशिवाय दोन गोलांचा एक होत नाही. बाई दिवसभरात एकदा जरी त्या खुर्चीत बसल्या असत्या, तरी त्यांना नळ्या अठ्ठावन्नवर आणाव्या लागल्या असत्या. चार वाजता रेघ सहासष्टवर होती, आणि नोंदवहीत नऊ सह्या होत्या.

पण मग आमच्या स्लाइडवर ठिपका का नव्हता? काकांच्या नजरेतून ती सुटली? की त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं? शिपायाने स्लाइडी वाचाव्यात आणि डॉक्टरांनी सह्या कराव्यात, हा गुन्हाच. पण एखादा माणूस तो का करेल? पगार तोच, नाव नाही, आणि पकडला गेला तर निवृत्तीच्या तोंडावर सगळं जाणार.

दुसऱ्या दिवशी बाईंची परवानगी घेऊन, त्या जेवायला गेल्यावर मी त्यांचं टेबल तपासलं. त्यांनी 'बघा' म्हटलं ते अशा आवाजात, की जणू कुणीतरी एकदाचं बघावं.

खालच्या खणात तपकिरी फ्रेमचे आणखी तीन चष्मे होते. चौथा त्यांच्या डोळ्यांवर. सगळे वाचायचे. अशा काचेचा नंबर काढायला यंत्र लागत नाही. लांबच्या खिडकीचं चित्र भिंतीवर पाडायचं आणि काच भिंतीपासून किती लांब धरल्यावर ते स्पष्ट होतं ते मोजायचं. पहिल्या चष्म्याने पन्नास सेंटिमीटरवर चित्र दिलं, म्हणजे दोन नंबर. दुसऱ्याने चाळीसवर, म्हणजे अडीच. तिसऱ्याने तेहतीसवर, तीन. भिंतीवर खिडकी उलटी, छोटी आणि फार सुंदर दिसत होती. बाई परत आल्यावर मी त्यांचा चष्मा मागितला. पंचवीस सेंटिमीटर. चार.

डब्यांवर तारखा होत्या. चार चष्मे, अकरा महिने.

वयाने येणारा वाचायचा नंबर असा वर्षभरात दुप्पट होत नाही. आणि नंबर बदलूनही दिसत नसेल, तर दोष चष्म्यात नसतो. दुकानात गेलं असतं तर तपासणाऱ्याने पहिल्याच दिवशी डोळ्यात बॅटरी टाकून बघितलं असतं. ऑनलाइन अर्जात फक्त आकडा भरायचा असतो. तो आकडा कुठून आला, ते कुणी विचारत नाही.

मला आता बहुतेक सगळं कळलं होतं. ज्या मंगळवाराने मला इथे आणलं होतं, तो तेवढा राहिला होता.

६

हजेरीपट त्या महिन्याच्या पानावर उघडला. सोमवार, मंगळवार, बुधवार : काका रजेवर. कारणाच्या रकान्यात 'पत्नीच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन'.

मी धाकट्या डॉक्टरांकडे चोपन्न स्लाइडी नेल्या. सत्तावीस त्या तीन दिवसांच्या, सत्तावीस आदल्या आठवड्यातल्या त्याच वारांच्या. नावं आणि ठिपके दोन्ही झाकून, सगळ्या मिसळून. कशासाठी ते सांगितलं नाही. त्यांनी दोन वाजता वाचायला सुरुवात केली. साडेचारला ते माझ्या टेबलापाशी आले आणि न विचारता बसले.

आदल्या आठवड्याच्या सत्तावीसपैकी चार संशयास्पद निघाल्या. चारही स्लाइडींवर जांभळे ठिपके होते, आणि चारहींचे अहवाल बरोबर होते. तीन दिवसांच्या सत्तावीसपैकी तीन संशयास्पद. एकीवरही ठिपका नव्हता. तिन्ही अहवालांत एकच ओळ, 'संशयास्पद काही नाही.'

त्या तीनपैकी एक बसवाल्या बाईंची. म्हणजे आणखी दोघीजणी कुठेतरी होत्या, ज्यांना आपण बऱ्या आहोत असं सांगितलं गेलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"मी विचारलं नाही," धाकटे डॉक्टर म्हणाले. "मावशीच्या खोलीत गेलो असतो तर दिसलं असतं. म्हणून गेलो नाही."

पाचला वीस मिनिटं कमी होती. पत्रावर तारीख घालायला कार्यालयात कुणीतरी पेन घेऊन बसलं असणार.

७

चौघांना मी मोठ्या बाईंच्या खोलीत बोलावलं. मला असे प्रसंग आवडत नाहीत. माणसं खुर्च्या ओढतात, कुणी कुणाशेजारी बसायचं ते ठरवतात, आणि मग सगळी माझ्याकडे बघतात.

मी क्रमाने सांगितलं. पेन्सिलचं नाव, म्हणून रंगवाली नाही. तिने खाली मान घातली. सहासष्टवरची रेघ. कपाटामागची यादी. जांभळी शाई. बाईंच्या स्लाइडी काका वाचत होते, आणि बरोबर वाचत होते. तीस वर्षं बाईंच्या खुर्चीशेजारी उभं राहून, त्या दाखवतील ते बघत बघत ते शिकले होते. काका घरी असले, त्याच दिवशी चुका झाल्या. तेव्हा बाई एकट्या वाचत होत्या.

"माझं काय ते लिहा," काका मध्येच म्हणाले. "मी शिपाई, मी हात लावायला नको होता. बाईंना यात घेऊ नका. त्यांनी मला कधी सांगितलं नाही वाच म्हणून. एके दिवशी मला म्हणाल्या, काका, ही जरा बघा, मला आज डोळ्यांवर ताण आलाय. मी बघितली. मग दुसरी. मग रोजच ताण यायला लागला."

"आणि चष्मे?" मी विचारलं.

"एक मागवला, फरक नाही. म्हणाल्या, अर्धा नंबर वाढवून बघू. मी टाकला आकडा. पुन्हा अर्धा. मग एकदम एक. डब्बा आला की फार आशेने उघडायच्या, ताई. आमच्या हिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी म्हटलं, बाई, एकदा दाखवून घ्या, अर्ध्या तासाचं काम. पुढच्या आठवड्यात जाते म्हणाल्या. ते पाच महिन्यांपूर्वी."

धाकट्या डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं. मावशी, तू मला का नाही सांगितलंस, असं काहीसं ते पुटपुटले.

मी त्यांना विचारलं, दाराची चौकट कुठे वाकलेली आहे.

"मध्ये," त्या म्हणाल्या. "बरोबर मी जिथे बघते तिथे."

"ती सरळ आहे. मी वही लावून पाहिली."

बाईंना मी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या डॉक्टर होत्या. सरळ रेघा मधूनच वाकायला लागल्या आणि माणसाचा चेहरा बघायला त्याच्या कानाकडे बघावं लागलं, की बिघाड डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध असतो, हे त्यांना माझ्याआधी, पहिल्या चष्म्याचा डबा उघडला त्याच दिवशी कळलं असणार. मोतीबिंदू असता तर त्या केव्हाच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या असत्या. जे दाखवलं की आजाराला नाव मिळतं आणि काम सुटतं, ते त्यांनी दाखवलं नव्हतं.

मी घड्याळ बघितलं. पाचला सात मिनिटं. वही उघडली, आणि चूक कुणाची या रकान्यापुढे पेन धरून थांबले. मी लिहू शकले असते. पुरावा पुरेसा होता. पण त्या रंगवालीने मूठ उघडली नव्हती, काकांनी स्वतःला पुढे केलं होतं, आणि त्यांच्यापैकी एकाच्याही वतीने ते वाक्य लिहायचा मला कंटाळा आला होता. ते वाक्य ज्यांचं होतं त्या समोर बसल्या होत्या.

बाईंनी चष्मा काढला. काड्या नीट मिटून तो खणातल्या तीन चष्म्यांशेजारी ठेवला आणि खण बंद केला. मग रंगवालीच्या दिशेने, तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत म्हणाल्या, "तू बोलायला हवं होतंस गं."

"तुम्ही बोलाल असं वाटत होतं, बाई," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली. भाच्याला त्यांनी त्या दोघीजणींचे फोन नंबर काढायला सांगितले. "फोन मी स्वतः करणार, आज, ऑफिस बंद व्हायच्या आत. बसवाल्या बाईंकडे मी उद्या सकाळी जाणार, आणि कुणी माझ्यासोबत यायचं नाही." काकांना म्हणाल्या, उद्या माझ्या खोलीला कुलूप लावा, आणि चौकटीला सुतार नको. काकांनी 'हो' म्हटलं. या वेळी ते नुसतं हो नव्हतं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. पहिल्यांदा त्यांनी थेट माझ्या चेहऱ्याकडे तोंड केलं, जिथे त्यांना मी दिसत नव्हते.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही. आजपासून मी एकही स्लाइड वाचणार नाही."